साक्षीला उभी

वांगणी स्टेशनवरून शेअर रिक्षाने आत गेलं की भातखाचरांच्या कडेला एक दुमजली बंगला होता. कुणा मुंबईवाल्याने सुट्टीत येऊन राहायला बांधलेला आणि मग कंटाळून भाड्याने दिलेला. त्यात आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. बारावी झाल्यावर मी तिथे वर्षभर राहिले. शिकायचं होतं ते मिशनकार्य आणि गरिबांची सेवा. मी तिथे आपणहून गेले नव्हते, पण कुणी मला ढकललंही नव्हतं. हे लोकांना समजावून सांगताना माझी अजून पंचाईत होते.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. वडील उल्हासनगरात जीन्स धुण्याच्या कारखान्यात कामाला आले. तिथल्या रंगाच्या आणि पावडरीच्या वासाने त्यांची छाती धरली ती धरलीच. मी प्राथमिक शाळेत असताना ते गेले. कॅम्प चारमधल्या आमच्या खोलीत मग आई आणि मी. आई शेठच्या माणसाकडून जीन्सचे गठ्ठे घरी आणायची आणि शिलाईचे लोंबणारे धागे कापून द्यायची. तिच्या बोटांचा निळा रंग साबणाने निघायचा नाही.

अंबरनाथच्या आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, तेव्हा आम्हाला सांभाळलं. माझ्या शाळेचा खर्च त्यांनी केला. मंडळी चालवणाऱ्या पाळकबाई स्वतः रिक्षात बसून, पायांमध्ये शिलाई मशीन धरून आमच्याकडे आल्या होत्या. मशीन दारातून आत जाईना तेव्हा त्यांनीच पदर खोचून एका बाजूने उचललं. अशा बाईला नाही कसं म्हणायचं?

मला रक्त तपासायचं शिकायचं होतं. लॅबमध्ये काचपट्टीवर थेंब घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, ते. बारावीला सायन्स त्यासाठीच घेतलं होतं. निकालानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकबाईंनी मला जवळ घेतलं.

"तुझ्यासाठी आम्ही किती प्रार्थना केली माहितीये? प्रभूने दार उघडलंय. वांगणीच्या केंद्रात तुझं नाव पक्कं केलं. राहणं-खाणं सगळं मंडळीकडून."

आजूबाजूच्या बायका "आमेन" म्हणाल्या. एकीने माझे गाल कुस्करले. मी आईकडे पाहिलं. आई चपला शोधत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "वर्षाचं तर हाय. नाही म्हणायला तोंड पाहिजे ना आपल्याला."

केंद्राच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर मी दिसले. मंडळीच्या कामाचे फोटो फ्रेम करून लावलेले, त्यात मधोमध माझा. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, शेजारी मशीनवर बसलेली आई. तो फोटो कधी काढला ते मला आठवतही नव्हतं. बाकीची मुलं बॅगा ठेवून फोटोकडे बघायची, मग माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कुणी वाईट वागलं नाही. उलट जेवताना दोन-तीन जणींनी मला आपल्या डब्यातलं लोणचं दिलं.

आमचे सर नाशिककडचे. पन्नाशीचे, पांढरा शर्ट घालणारे, स्वतःचं ताट स्वतः घासणारे. शिकवायचे फार छान. आजारी माणसाशी उभ्याने बोलू नये, आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या खाली येतील असं बसावं. जेवणाच्या वेळी कुणाच्या घरी जाऊ नये, कारण ते लोक उपाशी राहून तुम्हाला वाढतील. प्रार्थना करू का, असं आधी विचारावं आणि नको म्हणाले तर मनाला लावून घेऊ नये. यातलं काहीच खोटं नव्हतं. आमच्या दारात आलेल्या लोकांपैकी काहींनी हे शिकलेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा बसल्या बसल्या वाटायचं.

पण सर गृहभेटीचा सराव करून घ्यायचे. एकाने गरीब व्हायचं, दोघांनी त्याच्या घरी जायचं. पहिल्याच दिवशी सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"तू कर. तुला माहितीये."

मी सतरंजीवर बसले. पुण्याहून आलेली एक मुलगी आणि एक मुलगा माझ्या घरी आले. मी लगबगीने उठले, पदर नसताना पदर सारखा केला, "बसा ना, बसा" म्हणत नसलेली खुर्ची पुसली आणि हसले. ते हसू आईचं होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर वर्षभर गरीब बाई मीच झाले. सरावात भेट द्यायला मी एकदाही गेले नाही.

आणि पाहुणे आले की साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कधी पुण्याचे, कधी बंगळुरूचे, एकदा परदेशातलं जोडपं आलं होतं. चहा झाला की सर म्हणायचे, "आता आमची एक मुलगी आपली साक्ष देईल." मी उभी राहायची. वडिलांचा खोकला, निळी बोटं, दारात अडकलेलं मशीन. सगळं खरंच होतं. पण सांगून सांगून मला कळलं होतं, कुठे थांबलं की पाहुण्यांचे डोळे भरतात. 'मग एका सकाळी बाबा उठलेच नाहीत' यानंतर जरा थांबायचं. एकदा थांबले असताना मला पोळी करपल्याचा वास आला आणि माझ्या मनात आलं, आज स्वयंपाकाची पाळी कुणाची आहे? वडिलांच्या मरणाच्या वाक्यावर मी पोळीचा विचार करत होते. त्या रात्री मला फार भीती वाटली. हे असंच चालू राहिलं तर बाबा उरणारच नाहीत, फक्त ते वाक्य उरेल.

हिवाळ्यात आम्हाला वस्त्यांमध्ये पाठवायला लागले. गळ्यात ओळखपत्र, जोडीने घरोघरी जायचं. माझी जोडीदार ती पुण्याची मुलगी. वडील डॉक्टर, स्वभावाने साधी, रडू पटकन यायचं. आमच्या वाट्याला कॅम्प चार आला. मी सरांना म्हटलं, "सर, दुसरी वस्ती चालेल का? तिथे मला सगळे ओळखतात."

"म्हणून तर," सर म्हणाले. "आपल्या माणसांत जाणं सगळ्यात मोठं मिशन."

गल्लीत शिरल्यापासून बायका हाका मारत होत्या. "काय गं, कोणाकडं?" "ये कार्ड काय का है?" मी हसून पुढे जात होते. आमचं दार आलं तेव्हा मी जोडीदाराला लगेच सांगितलं, "हे माझं घर. ही माझी आई."

आई धाग्यांच्या ढिगात बसली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे. आणि मग तीच लगबग सुरू झाली. मांडीवरची जीन्स बाजूला, खुर्ची पुसली, "बस गं बाळा" म्हणून त्या मुलीला बसवलं. मला म्हणाली, "तू पण बस." मला! माझ्या घरात! ती पाण्याचे ग्लास घेऊन आली तेव्हा मला दिसलं, तिने कपाटातले पाहुण्यांचे काढले होते, आणि मलाही त्यातलाच दिला होता.

माझ्या जोडीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय. तुमच्यासाठी प्रार्थना करू?"

"कर की," आई म्हणाली आणि डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटले. मी मिटले नाहीत. जमिनीवर कापलेले धागे पसरले होते. रोज या वेळी मी घरात असते तर तेच झाडत असते.

ती मुलगी चांगल्या मनाची होती म्हणूनच घोळ झाला. परतल्यावर तिने सरांना सगळं सांगितलं आणि सरांचा चेहरा उजळला. वर्षअखेरच्या कार्यक्रमाला आईलाही बोलवायचं ठरलं. आधी मुलगी बोलेल, मग आई.

मी घरी फोन केला. "नको येऊस. बरं नाही म्हण."

"पाळकबाई गाडी पाठवतायत," आई म्हणाली. "येते. त्याला काय होतंय."

ती आली. लग्नाकार्याला नेसायची ती हिरवी साडी नेसून. माझं बोलून झाल्यावर तिच्या हातात माइक दिला. मला वाटलं होतं, तिची दातखीळ बसेल. मी उठून तिला सावरायच्या तयारीत होते. आईने माइक तोंडाजवळ धरला आणि संथपणे बोलायला लागली. नवरा गेला, पोर लहान होती, प्रभूने या माणसांना पाठवलं. ती थांबली. नेमकी जिथे थांबायला हवं तिथे. समोरच्या रांगेतल्या बाईने रुमाल काढला. मग आई पुढे बोलली.

मला वाटत होतं की हे मला केंद्रात आल्यावर जमलं. आई ते माझ्या लहानपणापासून करत आली होती. दारात आलेल्या प्रत्येकासमोर. मी तिच्या मागे उभी राहून फोटोत येत होते इतकंच.

जेवणानंतर बंगल्यामागच्या हौदापाशी आम्ही दोघी हात धूत होतो. मी म्हटलं, "तुला हे आवडतं?"

"काय?"

"असं उभं राहून सांगणं."

आईने हात झटकले. "आवडायचं काय त्यात. त्यांना ऐकायचं असतं. आपल्याकडं दुसरं काय हाय द्यायला?"

"मला नाही जमत आता. मला सोडायचंय."

ती इकडे-तिकडे बघत म्हणाली, "हळू बोल."

वर्ष संपलं तेव्हा मला वाटलं, सुटले. प्रमाणपत्र देतानाच स्टेजवरून जाहीर झालं, की आपली ही मुलगी आता कॅम्प चारमध्ये मंडळीची सेविका म्हणून काम करेल. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. दुसरं काय करणार होते?

ते काम मी काही वर्षं केलं. सगळंच वाईट होतं असं नाही. मागच्या गल्लीत एक सिंधी आजोबा एकटे राहायचे, साखरेमुळे पायाला जखम झालेली. त्यांना पट्टी बदलून द्यायला मी जायची. त्यांना प्रार्थना नको असायची, साक्षही नको असायची. ते टीव्हीवर क्रिकेट लावून पाय पुढे करायचे आणि "आराम से, बेटी" म्हणायचे. त्या घरात मला मोकळं वाटायचं. पण त्यांच्याविषयी मी मंडळीत सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात पाहुणे त्यांना बघायला येतील म्हणाले. मी घाईघाईने म्हटलं, ते गावाला गेलेत. त्यानंतर मी कुणाविषयीच काही सांगायची नाही.

शेवटी एकदा मी वांगणीला जाऊन सरांना भेटले. ते व्हरांड्यात तांदूळ निवडत बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं, की मला साक्ष द्यायची नाही, आणि हे कामही नको, मला लॅबचं शिकायचंय.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते. त्यांचा हात ताटात तसाच राहिला.

"आमचं काही चुकलं का?" ते म्हणाले.

"नाही सर."

"मग?"

ज्या माणसाने वाईट केलेलं नाही त्याच्यापासून सुटका मागायला शब्द कुठून आणायचे? सरांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, मनापासून, बराच वेळ. मी परत आले आणि सोमवारी नेहमीसारखी कार्ड घालून गल्लीत गेले.

आईने हे सगळं पाहिलं होतं. काही न सांगता ती एका दुपारी अंबरनाथला पाळकबाईंकडे गेली. तिथे काय झालं ते मला नंतर पाळकबाईंकडूनच कळलं. आईने त्यांचा हात धरून सांगितलं होतं, की डोळ्यांनी दिसत नाही आता, सुई ओवता येत नाही, धागा दिसत नाही. पोरीला कमावतं केलं नाही तर आम्ही दोघी उपाशी मरू. तिला कोर्स करू द्या.

पाळकबाई रडल्या. मंडळीने माझ्या लॅबच्या कोर्ससाठीही मदत केली. जाताना आईला एक गोधडी आणि तांदळाची पिशवी दिली. म्हणजे मी सुटले ती अशी. पुन्हा एकदा हात पसरून.

हे कळलं त्या संध्याकाळी मी घरी आले तर आई दाराशी बसून, उतरत्या उजेडात, पहिल्याच झटक्यात सुई ओवत होती.

"आई, तुझे डोळे?"

"काय झालंय माझ्या डोळ्यांना?" ती म्हणाली. "तुझं सरळ सांगणं ऐकलं का कुणी? त्यांना असंच समजतं."

मी हसले, आणि मग हसता हसता रडायला लागले. आईने मला रडू दिलं.

आता मी बदलापूरला एका लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या शिरा शोधते, काचपट्ट्या बघते. कुणाचं नाव-गाव विचारावं लागतं, त्यापलीकडे कुणी मला काही सांगत नाही आणि मी त्यांना. आम्ही इथेच भाड्याने राहतो. पण मंडळी अंबरनाथचीच आहे. ती सोडली नाही, सोडावीशीही वाटली नाही. प्रार्थना मला लागते. सर आता थकलेत, पाहुण्यांमागे बसलेले दिसतात. मी त्यांच्याजवळ जाऊन बसते, तेव्हा ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात.

दर रविवारी दारातच कुणीतरी भेटतं. "आईचे डोळे कसे आहेत गं?" मी म्हणते, "आहेत तसेच." घरी अजून सुई ओवणारी आई माझा दंड धरून, पायरी चाचपत आत येते. गीत सुरू होतं. सगळे पुस्तकं उघडतात. तिच्या मांडीवरचं पुस्तक मिटलेलं राहतं, आणि तिला पाठ नसलेलं कडवं आलं की ती गप्प होते.