तार आली ती बापाच्या नावाने

गेल्या हिवाळ्यात ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मला स्टेजवर बसवलेलं. मांडीवर शाल-नारळ. मागे इंग्रजांच्या वेळी मोठी लढाई झाली, त्यात आपली माणसं आणि गोरी माणसं एकाच बाजूने लढली, परमुलखात मेली, त्यांचा मान करायचा होता. गोरे पाहुणेही आलेले. यादीत आमच्या गावचं, कोलशेतचं म्हणून एक नाव होतं. ते माझ्या बापाचं.

आणि बाप तर माझ्यासमोर म्हातारा होऊन खाटेवर गेला.

झालेलं असं. लढाईसाठी नाव बापाने लिहून दिलेलं. जायच्या आठवड्यात त्याला मुदतीचा ताप चढला. आजी घाबरली, हजर नाही झाला तर पोलीस येतील. तिने मोठ्या मुलाला सांगितलं, तू जा, साहेबाला आपली तोंडं कुठे ओळखू येतात. तो मिठागरातून आला, पाय धुतले, भाऊ बनून गेला. परत आला नाही.

तार आली, बापाच्या नावाने, लढाईत मेला म्हणून. बाप आत चुलीपाशी बसलेला. आजीने तार तिथेच चुलीत घातली. म्हणाली, कोणी रडायचं नाही, रडलात तर सरकार याला धरून नेईल. गावात सांगितलं, मोठा बोटीवर कामाला लागलाय.

त्याच्या बायकोला मी मोठी आई म्हणायचे. मला तिनेच वाढवली. ती बांगड्या भरायची, कुंकू लावायची, हळदीकुंकवाला जायची. बायका विचारायच्या, "काय गं, बोटवाल्याची काय खबर?" ती म्हणायची, "येतील." चाळीस वर्षं. एकदा भांडी घासताना मला म्हणाली, "बाई, सगळ्यांच्या माणसांना नावाने पाणी सोडतात. माझ्या माणसाचं नाव घ्यायची पण चोरी." बापाने कधी कुठल्या हापिसाची पायरी चढली नाही. कोणी नाव विचारलं की उठून आत जायचा.

या कार्यक्रमाची माणसं शोधत दिव्याला, आमच्या आताच्या घरी आली, तेव्हा मी मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, नाव आपल्याच घरातलं आहे ना? गप बस, शाल घे. आता मेलेल्यांची भांडणं कशाला उकरतेस?" मी गप बसले. मला सवय आहे.

तर स्टेजवर एकेक नाव पुकारत होते. घरचा माणूस उठायचा, मधल्या चौथऱ्यावर फूल ठेवायचा. दोन्ही बाजूंना खुर्च्या, समोर फोटोवाले, उतरायला वाटच नाही. बापाचं नाव आलं. मी उठले. फूल हातात धरून मी मोठ्या काकाचं नाव घेतलं. मोठ्याने.

माईकवाला हसून म्हणाला, "आजी जरा भावूक झाल्यात," आणि बापाचं नाव परत वाचलं.

मी म्हटलं, "भाऊ, तो माझा बाप. तो घरी खाटेवर गेला. तिकडे मेला तो त्याचा मोठा भाऊ." आणि परत नाव घेतलं.

"आजी, कागदावर हेच आहे."

"कागदावर आहे म्हणूनच तर मोठ्या काकाला मरता आलं नाही."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. एका गोऱ्या बाईने शेजारच्याला विचारलं, काय झालं. त्याने काय सांगितलं देव जाणे. कार्यक्रमाचे साहेब मागून हळूच म्हणाले, "अर्ज करा, पुरावा जोडा, बघू." पुरावा कुठला, चुलीत गेला. मी तिसऱ्यांदा नाव घेतलं. माईकवाल्याने माईक खाली धरला आणि तो वाट बघत उभा राहिला. मी फूल ठेवलं.

रिक्षात मुलाने शाल पिशवीत कोंबली. एवढंच म्हणाला, "सगळ्यांसमोर आजोबांना भित्रा ठरवलंस." मी म्हटलं, "भित्रा नव्हता रे. अडकलेला होता. आम्ही सगळेच."

घरी आले आणि सरळ मोरीत गेले. सून ओरडली, "आई, डोक्यावरून नका घेऊ हां, टँकर आला नाहीये, अर्धीच बादली आहे."

मी म्हटलं, "घरातलं माणूस गेलंय गं."

ती दारात थांबली. मग पिण्याच्या हंड्यातलं दोन तांबे पाणी तिने माझ्या बादलीत ओतलं.