सुनंदाची परात

पाच आठवड्यांपूर्वी धुळ्याहून सुनंदाच्या मुलीचा, मेधाचा, फोन आला. "मावशी, आई गेली. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत…" मी गॅस बंद केला आणि तिथेच पाटावर बसले. खरं सांगायचं तर पहिला विचार दुःखाचा नव्हता. मनात आलं, घ्या, इथेही ही माझ्या पुढे. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, गुडघे धड, आणि जाणंसुद्धा असं की कुणाला पाण्याचा पेला तोंडाशी धरावा लागला नाही. मी मात्र जाईन ती घरादाराला पुरेसं छळूनच. रडू नंतर आलं, भांडी विसळताना, आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावात केळी बागाईतदारांचा एक संघ होता, आता तो उरलेला नाही. त्याच्या संगणक विभागात मी होते. विभाग म्हणजे एकुलती एक वातानुकूलित खोली, दाराबाहेर चपला काढून आत यायचं. मी पुण्याहून संगणकाची पदविका आणलेली, आणि ती पदविका मी मंगळसूत्रासारखी सतत दिसेल अशी वागवत असे. रावेरकडचे बागाईतदार आत येताना टोपी काढत. मला वाटे, माझा मान राखतात. पुष्कळ वर्षांनी कळलं की ते डोक्याला गार हवा लागावी म्हणून काढत.

अशा माझ्या राज्यात सुनंदा आली. अमळनेरची, काळीसावळी, हातात चारपुडी डबा. पहिल्या दिवशी म्हणाली, "अक्का, मले यातलं काहीच येत नही. तुम्ही शिकवा." मी प्रसन्न झाले. ज्याला काही येत नाही असं माणूस मला फार आवडतं. पण दोन महिन्यांत व्यवस्थापक नानांनी विचारलं, "शैलाताई, ओरॅकल या नव्या संगणक-प्रणालीचं शिक्षण आहे मुंबईला, तीन आठवडे. जाल?" मी म्हटलं, नणंदेचं लग्न आहे, जमायचं नाही. लग्न पुढच्या वर्षी होतं. मला एवढंच हवं होतं की नानांनी आणखी दोनदा विनवावं. नाना दुसऱ्यांदा विचारणाऱ्यांतले नव्हते. सुनंदा गेली, आणि परत आली ती यंत्राची मालकीण होऊन.

मग माझा जळफळाट सुरू झाला. तिचं भरीत चांगलं, तर मी म्हणायची वांगी चांगली होती. बागाईतदार माझ्या टेबलावरून तिच्या टेबलाकडे जाऊ लागले, तर मी म्हणायची तिथे पंखा जवळ आहे. त्या गार खोलीत पंखा नव्हताच.

एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी तिने मला ते रोलबॅक सेगमेंटचं प्रकरण समजावलं. मी ऐकत नसल्याचं दाखवत सगळं ऐकलं. यंत्र कोणतीही नोंद बदलण्याआधी जुन्या नोंदीची प्रत एका राखीव जागेत काढून ठेवतं. काम पुरं झालं आणि आपण 'कमिट' म्हटलं, म्हणजे हे पक्कं कर असं सांगितलं, की ती प्रत सोडून देतं. मध्येच बिनसलं, तर त्या प्रतीवरून सगळं होतं तसं करून देतं. या राखीव जागा म्हणजेच रोलबॅक सेगमेंट. "अक्का, एकट्या पाव्हण्याला भाकर करायची तर ताटलीत पीठ मळलं तरी चालतं," ती म्हणाली, "पण लग्नाचं पीठ ताटलीत मळायला घेतलं तर? म्हणून चार ताटल्या रोजच्या कामाला, आणि एक परात, मोठ्या कामाला. परात एरवी बाहेर ठेवायची, नाहीतर कुणीही उठतो आणि तिच्यात चिमूटभर पीठ घेऊन बसतो. मोठं काम निघालं की तिला आत आणायची, कामाला सांगायचं, बाबा रे, तू हिच्यातच मळ. झालं की परत बाहेर."

आणि तिने सुताराकडून फळी करून घेतली. दवाखान्यात डॉक्टरांच्या नावापुढे सरकपट्टी असते ना, 'आत' आणि 'बाहेर', तशी. चार ताटल्या, एक परात. यंत्रात काही केलं की उठून जाऊन फळीवरची पट्टी सरकवायची. मी हसायची. "तुझं यंत्र आहे की दवाखाना?" ती म्हणायची, "यंत्र सांगतं, पण विचारलं तर. फळी न विचारता सांगते."

आता माझा पराक्रम. संघाकडे प्रत्येक बागेची कापणीची तारीख ठरलेली असे. रेल्वेच्या वॅगन कमी आल्या की सगळ्यांच्या तारखा चार दिवस पुढे सरकवायच्या. सगळ्यांच्या, एका दमात. घड झाडावर पिवळा पडला की व्यापारी त्याला हात लावत नाही, त्यामुळे या तारखांवर माणसांचं वर्ष उभं असे. नेमकी सुनंदा दोन दिवस अमळनेरला आईकडे गेलेली, आणि वॅगन कमी असल्याचा निरोप आला. जाताना तिने माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली होती: "तारखा सरकवायच्या झाल्या तर परात आत घ्या."

ती चिठ्ठीच मला झोंबली. मला सांगते, मला, पदविकावालीला. मी परात बाहेरच ठेवली आणि काम लावलं. तासाभराने ताटली भरली, यंत्राने काम थांबवलं आणि झालेलं सगळं पूर्ववत केलं. म्हणजे बघा, देवाने एकदा वाचवलं होतं. पण मी हुशार. मी काय केलं, शंभर बागा झाल्या की कमिट, पुन्हा शंभर की कमिट, असं लिहिलं. ताटली भरायचा प्रश्नच नाही. यंत्र कसं धावायला लागलं. मी चहा मागवला. चहा आला आणि वीज गेली.

वीज आल्यावर मी तेच काम पुन्हा पहिल्यापासून लावलं. निम्म्या बागा आधीच चार दिवस सरकून पक्क्या झाल्या होत्या, त्या आता आठ दिवस सरकल्या. मागे जायची वाट मी स्वतःच दर शंभरांना पुसत गेले होते… आणि संध्याकाळी घरी जाऊन मी आनंदाने शेवभाजी केली.

सुनंदा परत आली त्या सकाळीच रावेरहून फोन. "ताई, शेजारच्याची कापणी शुक्रवारी आणि आमची मंगळवारी? बांध एकच शे आमचा." तिने फळीकडे पाहिलं, परात 'बाहेर'. मग माझ्याकडे पाहिलं. कपाट उघडून तिने जाडजूड कागद काढले. गावी जाण्याआधी तिने सगळ्या तारखा छापून ठेवल्या होत्या. इतक्यात नाना दारात आले. चप्पल न काढता आत आले, म्हणजे प्रकरण गंभीर.

"हे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं होतं. त्यातून काही बाहेर येण्याआधी सुनंदा म्हणाली, "नाना, परात बाहेर राहिली. ती माझी जबाबदारी." वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि सगळं खोटं होतं. मी तोंड मिटलं.

दिवसभर आम्ही दोघींनी त्या कागदांवरून एकेक तारीख दुरुस्त केली. मी वाचायची, ती टाइप करायची. कुणाचाही घड पिवळा पडला नाही. महिन्याभराने सुनंदाची धुळ्याच्या शाखेत बदली झाली आणि मला विभागप्रमुखाची हातांची खुर्ची मिळाली. फळी ती घेऊन गेली. भिंतीवर चौकोनी डाग राहिला, त्याच्यावर मी दिनदर्शिका लावली.

तुम्ही म्हणाल, बाईला लाज वाटली असेल. वाटली, पण दुसऱ्या क्रमांकाने. आधी हेवाच वाटला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, तीसुद्धा हिच्या नावावर लागली, आणि हिला शोभून दिसली. मी काहीतरी करावं आणि कौतुक हिचं व्हावं, ही रीत चुकीतही मोडली नाही. धुळ्यात तर ती आणखीच बहरली. शिरपूरकडचे बागाईतदार तिला नावाने विचारत यायचे. मी एसटीने तिच्याकडे जायची, भरीत खायची, आणि परतीच्या वाटेवर ठरवायची की पुढच्या वेळी तो विषय काढीन.

दोन वर्षांपूर्वी काढला. शेवटची भेट ठरेल हे तेव्हा कुठे माहीत. म्हटलं, "सुनंदा, त्या दिवशी नानांसमोर मी…" ती म्हणाली, "अक्का, खाईसन घ्या पहिले. भरीत निवी राह्यनं." मी खाल्लं. इतकी सुटका वाटली की दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आणि इतका राग आला की लोणचं मागितलं नाही.

तेराव्यानंतर मी मेधाकडे गेले. तिने पिशवीतून फळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "आईने तुमच्यासाठी सांगून ठेवली होती. आणि मावशी, आई नेहमी म्हणायची, माझ्याकडून नोकरीत एकच मोठी चूक झाली, आणि शैलाअक्कांनी दिवसभर शेजारी बसून ती निस्तरायला मदत केली. किती मानायची तुम्हाला."

म्हणजे पोटच्या पोरीलाही तिने खरं सांगितलं नव्हतं. मेधा माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होती, आणि मी, सत्तरी ओलांडलेली बाई, "अगं, त्यात काय" असं म्हणून चहा प्यायले. दुसऱ्यांदा तोंड मिटलं. या वेळी तर समोर नानाही नव्हते.

म्हणून हे लिहिते आहे. मेधा, हे छापून आलेलं तुझ्या हातात पडेल. चूक तुझ्या आईची नव्हती. माझी होती. चिठ्ठी मी वाचली होती.

फळी आता माझ्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांच्या वर आहे. ताटल्यांच्या पट्ट्या गुळगुळीत सरकतात. परातीची पट्टी मात्र 'बाहेर'वर अडकून बसली होती, लाकूड फुगलं असावं. हा लेख इथवर लिहिला, पेन खाली ठेवलं, आणि लाटण्याने हलके ठोके देत बसले. पाचव्या-सहाव्या ठोक्याला ती आत गेली.