टुंडेला विचारलेला प्रश्न

पुण्याहून तिसगावला निघालो तेव्हा गाडीत चालक सोडला तर आम्ही दोघेच होतो. टुंडे अमेरिकेतला रॅप गायक, आईवडील नायजेरियाचे. तिसगावच्या कौसाबाई भीमगीतं गातात. त्यांच्याबरोबर एक गाणं करायचं त्याच्या मनात होतं. मी दुभाषा. इंग्रजी उत्तम असल्याचं मीच कळवलं होतं.

नगर येईपर्यंत त्याने आपली हकिकत सांगितली. वडील ह्यूस्टनला टॅक्सी चालवायचे. मुलाने औषधशास्त्र शिकावं ही त्यांची इच्छा. याने कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि लग्नसमारंभांत गाऊ लागला. पहिला अल्बम पडला, दुसरा गाजला. पण वडिलांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. त्याचं इंग्रजी इतकं भरधाव की निम्मं मी अंदाजाने समजलो, आणि तो थांबला तिथे विनोद झाला असावा म्हणून हसलो.

कौसाबाईंनी जेवायला शेंगोळी (तिखट रश्शात शिजवलेली हुलग्याच्या पिठाची वेटोळी) केली होती. जपून खा, असं मी टुंडेला बजावलं. त्याने दोनदा वाढून घेतलं. उचकी मला लागली.

जेवताना बाईंनी विचारलं, "तुज्या बापानं तुजं गानं ऐकलं का कदी?"

त्याला वाईट वाटेल म्हणून मी इंग्रजीत विचारलं, इथलं जेवण आवडलं का? तो म्हणाला, हो, खूप. मी बाईंना तेच सांगितलं.

त्यांची सून रमा शाळेत शिकवते. ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही जेवणाचं विचारलंत." मग तिनेच इंग्रजीत खरा प्रश्न विचारला.

टुंडेने ताट बाजूला ठेवलं. वडिलांनी एकही गाणं ऐकलं नव्हतं. गेल्या वर्षी ते वारले. त्यानंतर त्याने प्रथमच त्यांच्या योरुबा भाषेत गाणं लिहिलं, पण ते म्हणायचं कुणापुढे?

रमाने हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "माज्या मालकानं बी न्हाई ऐकलं. तीस वर्सं दाराबाहेर जाऊन बसायचा. तू म्हन. आमी ऐकतो."

तो गायला. बाईंनी मांडीवर ठेका धरला. अर्थ कुणालाच कळला नाही, आणि कुणी मला विचारलाही नाही.

निघताना बाई त्याला काही म्हणाल्या. परतीच्या वाटेवर त्याने विचारलं, काय म्हणाल्या?

टाळता आलं असतं. पण मी शब्दशः सांगितलं: "परत ये, पन या सायबाला आनू नको."

टुंडे बराच वेळ हसला. मग त्याने आईला फोन लावला आणि तेच गाणं म्हणू लागला. पलीकडून आईच्या रडण्याचा आवाज आला, मागोमाग तिनेही सूर धरला. लोकांचं मन दुखू नये म्हणून मी आजवर किती जणांचं बोलणं मधल्यामध्ये गिळलं असेल, याचा विचार करत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.