मामाजींचं उघडं डोकं

माझ्या सासऱ्यांचं डोकं मी लग्नानंतर अकरा वर्षांनी पाहिलं. तोवर दवनीवाड्यात मामाजी म्हणजे एक काळी टोपी आणि तिच्याखाली मिशा. टोप्या दोन होत्या, एक धानाच्या बांधीतली आणि एक लग्नाकार्यातली. बांधीतल्या टोपीच्या घडीत बिड्या, सुईदोरा आणि काटा काढायचा चिमटा असे. टोपी सैल झाली की मामाजी आत पेपरची घडी घालत, त्यामुळे घरातल्या पेपरचं एखादं पान नेहमीच गायब. उघड्या डोक्यानं ते लोकांना दिसत ते फक्त मयतीला, मसणात, आणि तिथं आम्ही बायका जात नसू.

मग पंचायतीत आधार कार्डाचं शिबिर लागलं. मामाजी लग्नाकार्यातली टोपी घालून गेले. मशीनवरचा माणूस गोंदियाचा होता.

“दादाजी, टोपी निकालो.”

“कायले? कोन मेला?”

“कोई नहीं मरा. फोटो में सिर दिखना चाहिए.”

“मंग टोपीचाच फोटो काढ. गावात मले टोपीवरूनच वळखते.”

मागची रांग कुरकुरायला लागली. मी म्हटलं, “मामाजी, काढा ना. मिनिटाचं काम आहे.”

त्यांनी काढली. कपाळ अर्ध्यापर्यंत उन्हानं काळंभोर, आणि त्यावर मिलमधून नुकत्याच निघालेल्या तांदळासारखं पांढरंशुभ्र टक्कल. माझ्यामागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी ते नीट निरखलं आणि म्हणाल्या, “बरं झालं, लग्नात बाशिंग होतं.”

फोटो निघाला, पण ठसे उमटेनात. धानाच्या कामात बोटांच्या रेषाच झिजलेल्या. दोन्ही हात मशीनवर दाबून ठेवायचे म्हणून मामाजींनी टोपी मागच्या बाकावर ठेवली. उभं राहून सासूबाईंचे पाय दुखत होते. त्या बसल्या, नेमक्या टोपीवर. आतला पुठ्ठा मोडल्याचा आवाज मलाही आला.

ठसे झाल्यावर मोडकी टोपी बाकावरच टाकून मामाजी बोडक्यानंच निघाले. आमचा नंबर यायचा होता, म्हणून पुढचं मला मागाहून कळलं. पानठेल्यावर त्यांना नागऱ्याचा एक माणूस भेटला, सासूबाईंच्या माहेरचा. उघडं डोकं बघून तो चरकला.

“काय झालं जी?”

“गेली.”

“कवा?”

“आत्ताच. पंचायतीत.”

“अरे राम.”

“जुनीच झालती म्हना,” मामाजी म्हणाले.

त्या माणसाला हे जरा जास्तच वाटलं. पण दुःखात माणूस काहीही बोलतो, असं समजून त्यानं नागऱ्याला फोन लावला.

दुपारी दारात जीप थांबली. सासूबाईंचे भाऊ, भावजय आणि आणखी पाच जण उतरले. भावजयीनं फाटकापासूनच गळा काढला. अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई सूप टाकून धावल्या आणि “कोन गेलं वं?” म्हणत तिच्या गळ्यात पडून त्याही रडायला लागल्या. बराच वेळ दोघी रडल्या. मग भावजयीनं मान वर करून कोणाच्या गळ्यात पडलोय ते पाहिलं आणि मटकन खाली बसली.

मामाजी बाजेवर लवंडले होते. भाऊ तणतणत त्यांच्याकडे गेले. “भाऊजी, तुमी गेली म्हनलं का नाही?”

“टोपी गेली. खोटं बोललो का?”

मी पाणी दिलं आणि सात जणांचा जास्तीचा भात चढवला.

सासूबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्या उलट हरखल्या होत्या. भाऊ तीन वर्षांत बहिणीच्या दारी आले नव्हते. बांधाचा काहीतरी जुना रुसवा होता. जेवायला बसल्यावर सासूबाईंनी भावाला विचारलं, “रडला का रे वाटेत?”

“रडून राहिलो होतो. पन जीपवाल्यानं गाने लावले होते.”

“मरा लागते का तुले बोलवाले?”

भाऊंनी मान खाली घातली आणि भात मागितला. सासूबाईंनी वाढला. दोन दिवस त्यांनी कोणाला जाऊ दिलं नाही.