तक्क्याचं वजन

सोफे दुरुस्त करणाऱ्या काकांनी कुत्र्याचं पिल्लू दुकानात आणलं, तेव्हा ते थेट फोमच्या ढिगावर जाऊन आडवं झालं. त्यावरून त्याचं नाव पडलं तक्क्या. आता तक्क्या म्हातारा झाला होता. दुकान तळमजल्यावर, घर तिसऱ्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. मागच्या पायांनी संप पुकारल्यापासून काका त्याला रोज संध्याकाळी उचलून वर नेत.

अलीकडे मात्र दुसऱ्या मजल्यावरच काकांना धाप लागायची.

"हा माजलाय," एकदा घामाघूम होऊन दारात टेकत ते म्हणाले. "नुसतं खायचं आणि लोळायचं. उद्यापासून याचं जेवण निम्मं!"

"अहो, तो केसांनी फुगलेला दिसतो. पाठीवरून हात फिरवून बघा, हाडं लागतात," काकू म्हणाल्या.

"अगं, त्याला उचलतो कोण? तू की मी?"

तक्क्याचं ताट निम्मं झालं. तो रिकामं ताट नाकानं ढकलत स्वयंपाकघरभर फिरवायचा आणि काका पेपरात तोंड खुपसून ते न ऐकल्यासारखं करायचे. तरी महिनाभरात तो हलका काही वाटेना. उलट आता पहिल्याच मजल्यावर थांबावं लागायला लागलं. शेवटी काकूच म्हणाल्या, "चला डॉक्टरीणबाईंकडे. काय ते एकदा कळू दे."

जनावरांच्या दवाखान्यात तक्क्याला काट्यावर उभं केलं. काका आधीच सांगून मोकळे झाले, "गेल्या वर्षी अठ्ठावीस होता. आता पस्तीसच्या पुढे गेला असणार!"

"बावीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काटा बिघडलाय तुमचा."

त्यांनी शांतपणे स्वतः काट्यावर उभं राहून दाखवलं. काटा ठणठणीत होता. मग तक्क्याचे केस बाजूला सारून त्यांनी काकांचा हात त्याच्या मांडीवर ठेवला. मांस असं उरलंच नव्हतं. "म्हातारपणी कुत्र्यांचे स्नायू झडतात. आणि ही मागची दाढ बघा, किडलीय. चावताना दुखत असणार. याला कमी नाही, चांगलं खायला हवं."

काकांचा चेहरा पडला. ते तक्क्याचे कान कुरवाळत राहिले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" काकू म्हणाल्या. "बिचारा सहा किलोनं उतरला आणि आपण त्याला उपाशी ठेवलं."

"पण मग मला तो जड का वाटतो?"

डॉक्टरीणबाईंनी काकांच्या पांढरट नखांकडे पाहिलं. "काका, मी माणसांची डॉक्टर नाही. पण तुम्हीही तपासून घ्या."

काकूंनी त्यांना तिथूनच माणसांच्या दवाखान्यात नेलं. काकांच्या अंगात रक्त कमी निघालं. दुसऱ्या दिवसापासून घरात दोन रोगी झाले. एकाची दाढ काढली, दुसऱ्याला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोघांच्या ताटात उकडलेली अंडी आली. तक्क्या आपलं संपवून काकांच्या ताटाकडे टक लावून बसायचा.

"त्याला दे, मला नको," काका तोंड वाकडं करायचे.

"तो गुपचूप खातो. तुम्हीच नखरे करता," काकू सुनावायच्या.

जिना तरी चढायचाच होता. काकांनी सोफ्याच्या पट्ट्याचा एक झोळा शिवला. तो तक्क्याच्या पोटाखालून घेऊन वर धरला की मागचा भार काकांच्या हातात आणि पुढचे पाय त्याचे त्याने टाकायचे. दोघंही प्रत्येक मजल्यावर थांबत, पण कुणी कुणाला दोष देत नसे.

दोन महिन्यांनी काट्यावर तक्क्या चोवीसवर गेला. काकांनी दवाखान्यात असा जल्लोष केला की बाकावरचं मांजर टोपलीत दडून बसलं. घरी परतताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांचे गुडघे कायम कुरकुरायचे. त्या झोळ्याकडे बराच वेळ निरखून बघत राहिल्या.

"हे माझ्या मापाचं शिवाल का हो?"

"शिवीन की," काका म्हणाले, "पण वर धरायला माणूस तुमचा तुम्ही आणायचा."