तो पंप हुसेनचाचांनी जाळला नव्हता

कॉलनीतल्या जुन्या मंडळींनो, आठवतंय का... पोहून झालं की आपण सगळी मुलं पंपरूमच्या भिंतीला ओल्या पाठी टेकून रांगेत उभी राहायचो. आत पंप चालू असला की भिंत बारीक थरथरायची, पाठीला गुदगुल्या व्हायच्या, आणि आधी हसेल तो हरला अशी पैज लागायची.

पिंपरीच्या आमच्या कंपनी कॉलनीतला तो स्विमिंग पूल. पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं. चहूकडे ज्वारीची शेतं आणि मध्येच आमचे नवे कोरे बंगले...

परवा कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी नव्या पंपाच्या उद्घाटनाचा फोटो टाकला. हार घातलेला पंप, शेजारी कमिटी, मधोमध माझे पपा. खाली एकाने लिहिलं, जुना पंप तसाच चालू ठेवून तो मेकॅनिक निघून गेला होता ना? त्यावर अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले.

दोन दिवस झाले, माझा संताप उतरत नाही. म्हणून लिहिते आहे.

तो मेकॅनिक म्हणजे हुसेनचाचा. भोसरी गावात राहायचे, सायकलवरून यायचे. पंप लष्कराने विकायला काढलेल्या जुन्या सामानातून, डिस्पोजलमधून आलेला, म्हणजे आमच्याकडे आला तेव्हाच म्हातारा. तो चाचांनी सांभाळून सांभाळून चालवला. त्यांची नूर माझ्याच वयाची. तिला पाण्यात उतरायची परवानगी नव्हती, पण भिंतीच्या रांगेत ती असायची... कोरड्या पाठीने.

त्या मे महिन्यात पंप फार खडखडायला लागला, पाणी हिरवट झालं. आमच्या व्हरांड्यात कमिटी बसायची, पपा सेक्रेटरी. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, पंधरा दिवस दुसरा विषय नाही. सगळ्यांना नवाच हवा होता, आणि त्यात काही गैर होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पण कंपनीचा एक नियम होता. चालू मशीनच्या जागी नवं मशीन मिळत नसे. आधी जुनं ‘कंडेम’ करायचं, म्हणजे ते दुरुस्तीपलीकडे गेलंय असा दाखला लिहायचा... आणि त्यावर ते चालवणाऱ्याची सही घ्यायची.

चाचांना व्हरांड्यात बोलावलं. मी सरबताचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. दोघा-तिघांनी समजावून पाहिलं, एकजण म्हणाला की हुसेनचा या म्हाताऱ्या पंपावर जीव जडलाय, त्याला सोडवत नाही. सगळे हसले. चाचा हसले नाहीत.

“सायब, चालत्या मशिनीला मेली म्हनून सही न्हाई व्हायची माज्याच्यानं,” ते पपांकडे बघून म्हणाले. “आठ दिस द्या. बेअरिंग, बुश बदलतो. मग बोला.”

पपांनी दाखल्याचा कागद घडी करून खिशात ठेवला...

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला जायचे. तेवढा वेळ पंप बंद, पंपरूमला कुलूप, आणि किल्ली आमच्या घरी खुंटीवर. त्या शुक्रवारी मी राहिलेला टॉवेल आणायला पूलवर गेले. भिंतीला हात लागला तर ती थरथरत होती. नेहमीसारखी नाही... थंडी वाजून आल्यावर दात वाजतात तशी.

दार उघडं होतं. आत पपा, एकटे. पाणी येण्याचा व्हॉल्व्ह बंद, आणि पंप चालू. कोरडा. जळका वास सुटला होता. व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, हे चाचांनीच मला आणि नूरला शिकवलं होतं.

मी म्हटलं, “पपा, पाणी बंद आहे.”

त्यांनी वळून पाहिलं. “बेबी, घरी जा. हे कुणाला सांगायचं नाही. आईलासुद्धा.”

चाचा परत आले तोवर मोटर जळाली होती, शाफ्ट जाम झाला होता. पंप चालू ठेवून नमाजाला गेला, असा ठपका ठेवून सोमवारी त्यांना काढून टाकलं. त्यांनी एकदाच विचारलं, किल्ली कोणाकडे होती? मी दाराआड उभी होते.

जूनमध्ये आमची कॉन्व्हेंट शाळा उघडली, पहिल्याच आठवड्यात मॉरल सायन्सच्या तासाला खरं बोलण्यावर धडा झाला. मी तो सुंदर अक्षरात उतरवला. सिस्टरनी ‘व्हेरी गुड’ दिलं...

पुढे बऱ्याच वर्षांनी नूर मला आकुर्डी स्टेशनवर भेटली. तिने सांगितलं, चाचांनी तो पंप भंगारवाल्याकडून उचलला, मोटर रिवाइंड केली, बेअरिंग आणि बुश बदलले, आणि चाकणकडच्या एका कांद्याच्या मळ्यात बसवला. “अजून चालतोय गं,” म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला काही माहीतच नव्हतं.

मी तेव्हाही गप्प बसले. पपा हयात होते ना...

आई आजारी असताना रोज सकाळी माझ्या दोन वेण्या घालणारे, रिबिनीची फुलं सारखी आली नाहीत तर पुन्हा सोडून बांधणारे माझे पपा. त्यांची आजही आठवण येते, आणि आजही त्यांचा राग येतो. पण त्याहून जास्त राग माझा येतो. अकरा वर्षांच्या बेबीला मी माफ करेन. स्टेशनवर मी तीस वर्षांची होते.

तर आता कृपया एवढं करा. ज्यांनी फोटो टाकला त्यांनी ती कॉमेंट काढू नये, तिच्याखाली ही पोस्ट लावावी. हसरे चेहरे टाकणाऱ्या अकरा जणांना ती एकेकट्याला पाठवा. एक प्रिंट नूरच्या मुलाला द्या, भोसरीत त्याचं पंपांचंच वर्कशॉप आहे. नूरला हल्ली दिसत नाही, तिला त्याने वाचून दाखवावी... सगळी, माझं नाव न गाळता. एक माझ्या धाकट्या भावाला. तो रागावेल, रागावू दे.

माझ्या नातींना मात्र कोणी पाठवू नका. त्यांना मी समोर बसवून सांगणार आहे.