कारणाचा रकाना

धम्मपाल गवईंची आणि माझी ओळख दिल्लीत, आर. के. पुरमच्या भाजीवाल्यापाशी झाली. आम्ही नुकतेच त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो होतो. हे गृहस्थ हातात टोमॅटो धरून विचारत होते, "भैया, कच्चा है या पक्का, मुँह से बोलो." मग मला म्हणाले, "वहिनी, मला लाल-हिरवं एकच दिसतं. दोन्ही खाकी." चष्म्याचा नंबर सांगावा इतक्या सहज.

ते मूळचे बुलढाण्याचे. रेल्वेचं इंजिन चालवायचं स्वप्न होतं. लेखी परीक्षा पास झाले आणि डोळ्यांच्या तपासणीत बाद. पण त्या डॉक्टरबद्दल त्यांच्या मनात राग नाही. "त्याने कारण लिहून दिलं," ते म्हणतात. "लिहिलेलं असलं की माणूस मान्य तरी करतो, नाहीतर भांडतो तरी."

पुढे ते एका मंत्रालयात आकडेवारीच्या विभागात लागले. तिथले साहेब लोक एक्सेलमध्ये मन मानेल तसे रंग भरतात. धम्मपाल ती शीट परत पाठवतात: रंगाचा अर्थ शेजारच्या रकान्यात लिहावा. साहेब चरफडतात आणि लिहितात.

आमच्या मराठी मंडळाची सगळी यादीबिदी धम्मपालच सांभाळतात. अध्यक्ष भालचंद्रकाका मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. घरी बसले तरी खुर्ची सुटलेली नाही. दर संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला काळा अंबच्या स्मारकावर जाते. यंदा बस एकच मिळाली आणि नावं बसपेक्षा जास्त आली. काकांनी यादी रंगवून धम्मपालना पाठवली: "रंगाने सॉर्ट कर. हिरवे वर, लाल खाली. वरून बस भरायची."

धम्मपाल लॅपटॉप घेऊन वर आले. सॉर्टच्या खिडकीत रंगाचे दोन चौकोन होते. "यातला हिरवा कुठला, वहिनी?"

मी दाखवला. यादी खालीवर झाली आणि माझं डोकंच फिरलं. तळाशी लाल पट्ट्यात सगळी बौद्ध घरं. गवई स्वतः, त्यांच्या पत्नी नंदाताई आणि शामराव कांबळेही. वर्गणी वेळेवर देणारी, कोजागरीला दूध आटवणारी माणसं. शामराव नांदेडकडचे, निवृत्त शिपाई, ऐंशीला टेकलेले. आयुष्य दिल्लीत गेलं, पण काळा अंब पाहिला नव्हता. दरवेळी काही ना काही आडवं आलं. पुढच्या वर्षी गुडघे नेतील याचा भरवसा नव्हता.

मी लाल नावं वाचून दाखवली. वाटलं, धम्मपाल संतापतील. त्यांनी शांतपणे नावांशेजारी एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं: कारण.

रविवारी सभेत ती यादी भिंतीवर मोठी करून दाखवली. धम्मपाल कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाले, "काका, लाल का, ते सांगा. मी टाइप करतो."

"अरे, त्यात लिहायचं काय? सबको पता है यार."

"मला रंग दिसत नाही, काका. मला शब्द लागतात."

"बरं, तुझं नाव हिरवं कर. तू कामाचा माणूस आहेस."

"मला रंग नकोच आहे. कारण हवंय."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. धम्मपालना तेवढंही दिसलं नसणार. तेव्हा मागून शामराव काठीवर भार देत उठले. "लिही बाबा. हा माणूस गणपतीच्या आरतीला येत नाही, म्हणून लाल. खरं आहे, मी येत नाही. लिही, आणि खाली अध्यक्षांची सही घे."

धम्मपालनी शब्द न् शब्द टाइप केला. छापील कागद काकांसमोर ठेवला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही केली नाही. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंना मी कोपर मारलं.

"कारण नाही, तर रंगही नाही," म्हणत धम्मपालनी सगळे रंग पुसले आणि यादी नाव दिल्याच्या तारखेने लावली. शामराव सगळ्यांत वर गेले. काका मधे कुठेतरी. आणि इतरांची नावं भरता भरता स्वतःचं नाव शेवटी घालणारे धम्मपाल बसच्या बाहेर राहिले.

"आता स्वतःसाठी भांडा ना," मी म्हणाले.

"कारण लिहिलंय की, वहिनी. तारीख. मला मान्य आहे."

संक्रांतीच्या पहाटे ते शामरावांना स्कूटरवरून बसपाशी घेऊन आले, हाताला धरून खिडकीशी बसवलं. काका दारातच उभे होते. म्हणाले, "ये रे धम्मपाल, माझ्याशेजारी सरकून जागा करतो."

"कशाबद्दल, काका?"

धम्मपालनी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. काका पेनाकडे बघत राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला, बस निघाली, आणि मी मागच्या काचेतून पाहिलं तर धम्मपाल पेन पुन्हा खिशाला लावून स्कूटरला किक मारत होते.